तिसऱ्या आग्रहाची वाट

२ नोव्हेंबर, आर्कन्सॉ

घर विकून पंधरवडा झाला, तरी बाहेर पडताना हात पर्समध्ये घराच्या चाव्या चाचपायला जातोच. आता एकच चावी उरली आहे, या घरगाडीची. मागे पलंग, मध्ये शेगडी, पुढे स्टिअरिंग. एवढ्यात माझा सगळा संसार मावतो, आणि मावून वर जागा उरते, हे त्यातलं वाईट.

ही सगळी हार्लनची कल्पना. नोकऱ्या संपल्या की मिनेसोटा सोडायचं, गाडी घेऊन फिरायचं, एकेका राज्यात थोडं थोडं राहून बघायचं आणि मनात भरेल ते निवडायचं. "इथे जन्मलो म्हणून इथेच गारठून मरायला पाहिजे का गं आर्डिस?" असं म्हणायचा. गाडी घेतली, आणि त्याच फेब्रुवारीत दारातला बर्फ उपसता उपसता माणूस फावड्यावरच कोसळला. मग गाडी अंगणात उभी राहिली आणि मी घरात बसून राहिले. या वर्षी म्हटलं, दोघांचं ठरलं होतं, एकीनं तरी जावं.

पण राज्य निवडतात कसं, ते मला कुणी शिकवलंच नाही. जन्मभर हार्लननं ठरवलं आणि मी "चालेल" म्हटलं. भिंतींचा रंग, गाडी, चर्च, सगळ्याला चालेल. आता पन्नास राज्यं मेली समोर उभी आहेत आणि "चालेल का?" असं विचारायला कुणी नाही. त्यात मे महिन्यात माझा गाडी चालवायचा परवाना संपतोय. नवा परवाना हवा तर पत्ता हवा, पत्ता हवा तर राज्य हवं. विकलेल्या घराचा पत्ता तर देता येत नाही.

आज संध्याकाळी शेजारच्या गाडीतल्या माणसानं मासे तळले. असा वास सुटला होता की मी हातातला बिस्किटाचा पुडा खाली ठेवला. तो ताटली घेऊन आला. "बाई, मासा घेणार का? ताजा आहे."

"नको, नको. तुम्हाला कमी पडेल."

"बरं," म्हणाला आणि ताटलीसकट परत गेला! दारसुद्धा लावून घेतलं.

असं असतं का कुठे? आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "उगाच तुम्हाला त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "अगदी एवढंसं द्या" म्हणून ताट पुढे करायचं. शाळेच्या स्वयंपाकघरात मी पोरांनासुद्धा तीनतीनदा विचारायचे. एकदा विचारणं हे काय विचारणं झालं? तोंडदेखलं तर कुणीही कुणालाही विचारतं.

बिस्किटं खाऊन झोपते आता. आर्कन्सॉ बाद.

११ नोव्हेंबर, लुइझियाना

डास. नोव्हेंबरात डास! हेही बाद.

थँक्सगिव्हिंगचा गुरुवार, लुइझियाना

बाद केलं तरी अजून इथेच आहे, कारण पुढे जाऊन तरी काय करायचं आहे?

सकाळी लाइलचा फोन आला होता. माझा मुलगा, एकुलता एक. ऑरेगनला असतो. ते दोघं ब्रेनाच्या आईवडिलांकडे जेवायला निघाले होते. "आई, तुलाही बोलावलं असतं, पण एवढ्या लांब तुला कशाला ओढायचं?" म्हणाला. खरंच आहे, एवढं अंतर म्हणजे माझी कंबरच गेली असती. फार विचार करतो तो माझा.

"मग, राज्य ठरलं का?" दर फोनला विचारतो. मी म्हटलं, तुमच्याकडचं ऑरेगन कसं आहे रे राहायला? तर म्हणाला, "छे गं आई, इथे पाऊस फार. तुझ्या गुडघ्यांचं काही खरं नाही. ॲरिझोना बघ, कोरडी हवा आहे." बघा, माझे गुडघे त्याच्या लक्षात आहेत!

हमरस्त्यावरच्या हॉटेलात टर्की खाल्ली. वाढणाऱ्या मुलीनं विचारलं, "आणखी कुणी यायचंय का?" मी म्हटलं, आत्ता नाही. का म्हटलं कोण जाणे.

९ डिसेंबर, टेक्सास

अगदी खाली आले आहे, मेक्सिकोच्या वेशीपर्यंत. इथे थंडी चुकवायला आलेल्या आम्हा उत्तरेकडच्या म्हाताऱ्यांचे गाड्यांचे तळच्या तळ आहेत. नंबराच्या पाट्या बघाव्यात तर आयोवा, डकोटा, विस्कॉन्सिन, मिनेसोटा. मधल्या हॉलमध्ये रोज काहीतरी चालू असतं. परवा सगळ्यांनी पदार्थ आणायचे होते, मी बटाट्याचं हॉटडिश केलं, म्हणजे आमच्याकडचा भट्टीत भाजायचा थरांचा पदार्थ. शेवटचा तुकडा भांड्यात तसाच राहिला. मग कुणीतरी त्याचा अर्धा नेला, मग अर्ध्याचा अर्धा, आणि शेवटी नखाएवढा उरला तो कुणीच घेईना. तेव्हा जरा बरं वाटलं, आपल्या माणसांत आल्यासारखं.

पण तिथे सगळी जोडपी. नाचायला सुरुवात झाली की मी भांडी घासायला जाते.

१७ डिसेंबर

आज एका बाईनं मला भांड्यांपासून ओढून काढलं. मेडेल प्रुइट तिचं नाव. ती आमच्यातली नव्हे, इथलीच, पक्की टेक्सासची. रस्त्यापलीकडे पपनशींच्या झाडांमागे तिचं घर आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. उंच, हाडापेराची, आणि आवाज एवढा मोठा की हॉलच्या या टोकाला बोलली की त्या टोकाचा माणूस "काय?" म्हणतो.

"तुला बेचाळीस येतं का?" तिनं विचारलं. बेचाळीस म्हणजे डॉमिनोच्या सोंगट्यांनी चौघांत खेळायचा इकडचा खेळ. मी म्हटलं, नाही येत.

"मग बस. शिकवते."

"नको, माझ्यामुळे तुमचा डाव..."

"मी विचारलं नाही, बस म्हटलं," आणि खुर्ची ओढली. मी बसले. उद्धटच आहे म्हणा, पण बसले. आम्ही हरलो. माझ्यामुळेच हरलो. तर ही मोठ्यानं हसली आणि म्हणाली, "आर्डिस, एवढं वाईट खेळताना मी आजवर कुणाला बघितलं नाही. उद्या ये." बऱ्याच दिवसांनी मला उद्याचं काहीतरी काम आहे.

२५ डिसेंबर

मेडेलकडे जेवले. तामाले केले होते, मक्याच्या सालीत गुंडाळून वाफवलेले. मला काय ठाऊक, मी पहिला सालीसकटच चावला. ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं, आणि मग मीही हसले. घरी येऊन लाइलला फोनवर सांगितलं तर "वा, वा, मैत्रीण मिळाली हे उत्तम झालं" म्हणाला. घरी म्हणजे गाडीत.

१२ जानेवारी

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला स्वप्नच वाटेल.

मेडेलच्या स्वयंपाकघरात पपनशी सोलत बसलो होतो. मागे एक खोली आहे, तिच्या आईची होती. पूर्वेला दोन खिडक्या, उन्हानं भरलेली, एक पलंग आणि कपाट. मी दारातून डोकावले. मेडेल मागून म्हणाली, "आर्डिस, तू इथेच का नाही राहत? मार्च आला की सगळे उत्तरेकडे पळतील, तू नको जाऊस. खोली रिकामीच आहे. गाडी झाडाखाली लाव."

हातातलं पपनस खाली पडायचं राहिलं.

"छे छे," मी म्हटलं. "तुला उगाच अडचण."

"अडचण असती तर विचारलं असतं का?"

"नाही गं, नको."

"बरं," म्हणाली आणि सोलायला लागली.

येताना रस्ता ओलांडला तो मला कळलासुद्धा नाही. एक झालं. पहिल्याच खेपेला हो म्हणायला मी काय हावरी आहे? पण बाईनं विषय काढला, हे महत्त्वाचं. खोलीच्या खिडक्या किती उंच, किती रुंद, सगळं डोळ्यांत बसलंय. पडदे नाहीत त्यांना. सकाळचं ऊन थेट उशीवर येत असणार.

३० जानेवारी

अजून दुसऱ्यांदा विचारलं नाही. टेक्सासची माणसं सावकाश असतात. घाई नाही.

लाइलला सांगितलं, टेक्सासच ठरेल असं दिसतंय. "फार छान!" असा ओरडला की ब्रेना पलीकडून "काय झालं?" म्हणाली. पोरगा किती खूश झाला माझ्यासाठी.

७ फेब्रुवारी

दोन झाली!

आज हार्लनला जाऊन दोन वर्षं झाली. मी कुणाला काही बोलले नव्हते, पण मेडेलनं चेहऱ्यावरून ओळखलं. मटण भाजून जेवायला बोलावलं. जेवताना ती पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. तिलाही हळू बोलता येतं, हे आज कळलं.

"आर्डिस, मी मागे सहज म्हटलं नव्हतं. नीट विचार करून परत विचारतेय. मला एकटीनं जेवायचा कंटाळा आलाय. रेडिओशी बोलते मी. तू ये राहायला."

हो म्हणावं असं इतकं वाटलं की जीभ चावली. पण दोनच तर झाली होती. "तुझ्यावर कशाला भार टाकू?" मी म्हटलं. "माझं बरं चाललंय गाडीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. समजलं मला." आणि ताटं उचलली. माझं जेवण व्हायचं होतं अजून.

आज दारापर्यंत सोडायला आली नाही. डोकं दुखत असावं तिचं, दिवसभर चुलीपाशी उभी होती. पण आता एकच राहिलं. हार्लन, ऐकतोयस का? तुझ्या बायकोचं राज्य ठरलं.

१३ फेब्रुवारी

बाजारात जाऊन पडद्यांचं कापड आणलं. साईच्या रंगावर बारीक निळी फुलं. गाडीत मशीन नाही, हातानंच शिवतेय. दोन खिडक्या म्हणजे चार पाती, त्यांना अस्तर. शाळेतली नोकरी सोडल्यापासून कुणासाठी काही केलं नव्हतं, हात जरा जड झालेत, पण टाके अजून सरळ येतात.

मेडेल बेचाळीस खेळायला आली नाही. हॉलमध्ये कुणीतरी मला विचारलं, "तुमची मेडेल कुठे?" माझी मेडेल! मी म्हटलं, तिला कामं असतात.

२४ फेब्रुवारी

ती हल्ली गप्प गप्प असते. काल रस्त्यात भेटली, "कशी आहेस?" "बरी आहे," एवढ्यावर गेली. माझ्या मते तिसऱ्यांदा विचारायच्या तयारीत आहे. तिसरं विचारणं वेगळं असतं. पहिलं उभ्याउभ्या विचारतात, तिसरं माणसाला बसवून विचारतात. बसायला मी तयार आहे.

तीन पाती झाली.

६ मार्च

हॉलमध्ये लोक गाड्यांची चाकं तपासायला लागले. महिना अखेरीला तळ रिकामा होईल. आज मी मेडेलकडे मुद्दाम गेले, तिच्या समोर बसले, कॉफी घेतली आणि म्हटलं, "आता सगळे निघतील, नाही?"

"हो," म्हणाली.

"मलाही ठरवायला पाहिजे कुठे जायचं."

"तुझं तू बघशील. तू खंबीर बाई आहेस."

मला वाटलं आता विचारेल, आता विचारेल. तिनं कप विसळला. मीही उठले. असं कुणाच्या दारात जाऊन "विचार ना" म्हणता येतं का? शोभतं का ते?

१२ मार्च

मेडेलच्या दारात एक लाल गाडी उभी आहे. तिची चुलत बहीण नेल्डा आली आहे, बोमाँटहून. मेडेलनं हॉलमध्ये सगळ्यांशी ओळख करून दिली. गोल, हसरी बाई आहे. "मेडेलनं फोनवर म्हटलं, खोली रिकामी आहे, ये. दुसऱ्या दिवशी मी सामान भरलं आणि निघाले!" असं सगळ्यांना हसत हसत सांगत होती. एकदा म्हटलं आणि ही निघाली! काही लाजलज्जा?

आठवडाभर राहील फार तर.

१३ मार्च

कपाट आणलं तिनं. स्वतःचं कपाट.

१४ मार्च

रडून घेतलं. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून पंखा लावला होता. शेजारच्या आयोवावाल्या बाईनं दार वाजवून विचारलं, "बरं आहे ना?" मी म्हटलं, सर्दी आहे.

हार्लन, काय चुकलं रे माझं?

१६ मार्च

पडदे गाडीत ठेवून त्यांच्याकडे बघत बसण्यापेक्षा देऊन टाकावेत म्हटलं. इस्त्री केले, घडी घातली आणि घेऊन गेले. "नेल्डासाठी," म्हटलं. "नवीन जागेत आली आहे."

नेल्डानं तर मला मिठीच मारली. स्टूल घेऊन लगेच लावायला गेली. मेडेल आणि मी दारात उभ्या होतो. पडदे लागले. चारही पाती खिडकीच्या चौकटीत अगदी बोटभरही कमीजास्त न होता बसली, आणि खाली कठड्याला नेमकी टेकली. नेल्डा म्हणाली, "अगंबाई, हे तर याच खिडक्यांसाठी शिवलेत!"

मेडेलनं माझा दंड धरला आणि मला स्वयंपाकघरात नेलं.

"ही मापं तुला कुणी दिली?"

"नजरेनं घेतली."

"कधी?"

मी टेबलावरच्या फडक्याची घडी घालायला लागले.

"आर्डिस, कधी?"

"जानेवारीत. तू मला राहा म्हणालीस तेव्हा."

"तेव्हा तर तू नको म्हणालीस!"

"ते नको म्हणजे... नको नव्हतं ते."

"मग काय होतं?"

मग मला सगळं सांगावं लागलं. आमच्याकडे कसं तीनदा विचारतात, पहिल्यांदा नको का म्हणायचं, दुसऱ्यांदा काय म्हणायचं. सांगताना माझ्याच कानांना ते इतकं वेड्यासारखं लागत होतं. "एकदाच आणखी विचारलं असतंस," मी म्हटलं, "तर त्याच दिवशी सामान आणलं असतं."

मेडेल खुर्चीत बसलीच. "बये, बये, बये," म्हणाली. "दुसऱ्यांदा विचारलं तेच मी किती जिवावर येऊन विचारलं, तुला कल्पना आहे? आमच्यात एखाद्या बाईनं नाही म्हटलं की तिचा शब्द राखायचा. पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे तिला खोटं पाडणं. मला वाटलं, मी फार बडबडते, मोठ्यानं हसते, म्हणून तुला माझ्यासोबत राहणं नको असेल. तू गेल्यावर मी रडत बसले होते, माहीत आहे?"

"मला वाटलं, तुझं डोकं दुखतंय."

"डोकं!" म्हणाली. हसायला गेली, पण ते हसू जमलं नाही. आतल्या खोलीत नेल्डा गुणगुणत पलंग सरकवत होती. तिनं बोमाँटची भाड्याची जागा सोडली आहे. तिला आता परत जा कोण म्हणणार? मेडेल नाही म्हणणार, आणि म्हणाली असती तर मला ती आवडली नसती.

"गाडी तरी झाडाखाली लाव," मेडेल म्हणाली. "जेवायला आत ये रोज."

"नको," मी म्हटलं.

तिनं डोळे पुसले. "हा कुठला नको, ते सांग आधी."

"हा खरा," मी म्हटलं. त्या झाडाखालून ते पडदे रोज दिसतात. माझ्यानं नाही व्हायचं ते.

२८ मार्च

निघाले. मेडेलनं पपनशींची टोपली दिली. मी एकदाही नको म्हटलं नाही.

१० एप्रिल, नेब्रास्का

सपाट. वारा. दिवसभरात पेट्रोल पंपावरच्या पोराखेरीज कुणाशी बोलले नाही. त्याला "तुझ्याकडे बरी हवा आहे" म्हटलं, तो म्हणाला, "काय?"

माझं तोंड पपनशींनी आंबलंय, पण फेकवत नाहीत.

१९ एप्रिल, साउथ डकोटा

गाडीत राहणारी सगळी माणसं हेच राज्य सांगतात. इथे एखाद्या तळावर एक रात्र राहायचं, टपाल सांभाळणाऱ्या दुकानात पत्ता घ्यायचा की झालात तुम्ही इथले. परवाना मिळतो. मग वर्षानुवर्षं इकडे फिरकला नाहीत तरी कुणी विचारत नाही. आजवर मला ते फसवणुकीसारखं वाटायचं.

पण त्याआधी एक करून बघायचं ठरवलं. टेक्सासात जे शिकले ते अंगवळणी पाडायचं. सरळ विचारायचं. वाट बघायची नाही. दुपारी लाइलला फोन लावला. त्यानं नेहमीसारखं "ठरलं का राज्य?" विचारलं, आणि मी डोळे मिटून म्हटलं, "लाइल, मी तुमच्याकडे येऊन राहू का? कायमची?"

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"हो... म्हणजे, ये ना आई," तो म्हणाला. "ये की. जमवू काहीतरी."

आणि माझ्या मेल्या तोंडातून गेलंच, "नको रे. सहज म्हटलं. तुम्हाला उगाच अडचण."

आणि मी थांबले. फोन कानाला घट्ट लावून थांबले. त्याचा श्वास ऐकू येत होता. ब्रेना काहीतरी हळू विचारत होती.

"बरं," तो म्हणाला. "तसं तुझंही बरोबर आहे. पाऊस फार असतो इथे." आणि मग एकदम मोकळ्या आवाजात गाडीच्या ब्रेकबद्दल विचारायला लागला.

मेडेल टेक्सासची आहे. तिनं एकदा विचारलं ते खरं होतं, दुसऱ्यांदा विचारलं तेही खरं होतं, मलाच ऐकू आलं नाही. पण लाइल तिथला नाही. लाइल माझा आहे. माझ्या टेबलावर वाढलाय तो. पाहुण्यांना एकदाच विचारून थांबला की मी टेबलाखालून त्याचा पाय दाबायचे, मग तो लालबुंद होऊन दुसऱ्यांदा विचारायचा, तिसऱ्यांदा विचारायचा. इवलासा होता तेव्हापासून त्याला ठाऊक आहे की एकदा विचारणं म्हणजे काय.

आज तो एकदाच म्हणाला.

थँक्सगिव्हिंगला काय म्हणाला होता, ते मी मघाशी मागे जाऊन वाचलं. गुडघ्यांचंही वाचलं. सगळं माझ्याच अक्षरात आहे.

२० एप्रिल

काही नाही. पडून होते.

२२ एप्रिल, साउथ डकोटा

सकाळी केस नीट केले, हार्लनला आवडायचा तो निळा स्वेटर घातला आणि सरकारी कचेरीत गेले. मागे लांब रांग होती. काउंटरवर माझ्या लाइलच्या वयाची बाई होती, चष्मा डोक्यावर, नजर समोरच्या कॉम्प्युटरवर. तळावर एक रात्र राहिल्याची पावती दाखवली, पत्ता दाखवला. त्या पत्त्यावर एक दुकान आहे आणि त्यात भिंतभर टपालाचे खण, त्यातला एक माझा. आधी तिनं माझा फोटो काढून घेतला. "हसायचं असेल तर हसा," म्हणाली. मी हसले.

मग म्हणाली, "आता एक प्रश्न, शपथेवर उत्तर द्यायचं. इथून कितीही लांब गेलात, कितीही दिवस बाहेर राहिलात, तरी परत साउथ डकोटालाच यायचा तुमचा विचार आहे ना?"

परत यायचं. कुणाकडे? मला या राज्यात ओळखणारं एक माणूस नाही. काल तळावर शेजारी कोण होतं तेही मी बघितलं नाही. इथे कुणी मला ये म्हटलेलं नाही, राहा म्हटलेलं नाही, जाऊ नको म्हटलेलं नाही. पपनशी संपल्या. मला त्या पूर्वेच्या खिडक्यांच्या खोलीत परत जायचं आहे. मला माझ्या मुलाच्या घरी जायचं आहे. मला दारातला तो बर्फ उपसायचा आहे, हार्लनच्या हातातलं फावडं काढून घेऊन.

तिनं मान वर केली नाही. बोटं टाइप करायला तयार ठेवून थांबली होती. दुसऱ्यांदा काही ती विचारणार नव्हती.

"हो," मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी पहिल्याच विचारण्याला हो म्हटलं, आणि शपथेवर खोटं बोलले.